खोळंबलेली घंटा

डोळे मिटून बसा बरं जरा. झोपायचं नाही, नुसते मिटायचे. आता एक खोली डोळ्यांसमोर आणा. तिला खिडकी नाही. पूर्वी तिथे चादरी आणि उशांचे अभ्रे ठेवत, म्हणून भिंतींना अजून लाकडी फळ्या आहेत आणि साबणाचा थोडासा वासही आहे. मधल्या फळीवर एक काळं, जड यंत्र आहे. त्याच्या पोटात पंखा गुरगुरतो आहे. पुढ्यात पडदा आहे, पण तो काळा. खुर्ची आहे, पण रिकामी. तुम्ही म्हणाल, बंदच आहे की हे! बंद नाही. ते काम करतंय. कुणी बघत नसताना काम करत राहायचं, एवढ्यासाठीच ते बनवलेलं आहे.

दिसली खोली? मग आता तिचं दार खांद्याने हळूच ढकलून आत येणारी मुलगी पाहा. वय दहा, अंगाने काडी, आणि एका जागी टिकणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. सगळे तिला मुंगी म्हणत.

ही इमारत म्हणजे एक वृद्धाश्रम होता. मुंगीची आई तिथे नर्स होती. इमारतीच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यांत या दोघी मायलेकी राहत. खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या. नोकरी गेली तर खोल्याही गेल्या, हे मुंगीला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, तरी पक्कं माहीत होतं. आई भिंतीला खिळा ठोकतानासुद्धा आधी आश्रमाच्या साहेबांना विचारायची, त्यावरून कळत होतं.

शाळा दुपारी सुटे. मग मुंगी आश्रमाच्या लांबलचक बोळात हिंडायची. तिची सगळ्यांत जास्त गट्टी होती ती घड्याळआजोबांशी. आजोबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. आता हात थरथरत, पण जुनं एखादं घड्याळ उघडून दाखवायची हौस गेली नव्हती.

"हे काटे दिसतात ना, म्हणून लोक काट्यांनाच घड्याळ समजतात," ते सांगत. "काटे काय, बसल्या जागी मिरवतात. राबतात ती आतली चाकं. त्यातलं एक अडलं की मग कळतं."

"आजोबा, हे तुम्ही कालही सांगितलंत."

"मग उद्याही सांगीन. तुझ्या डोक्यात किल्ली नीट बसत नाही."

आता त्या यंत्राचं काम सांगतो. आश्रमात प्रत्येक खाटेशी आणि प्रत्येक न्हाणीघरात दोरीला लोंबणारं एक लाल बटण होतं. आजोबांनी बटण दाबलं की निरोप त्या काळ्या यंत्राकडे जाई. यंत्र तो पुढे पाठवी, आणि मदतनिसांच्या खोलीतल्या फळ्यावर खोलीचा दिवा लागून घंटा वाजे. दुपारी तिथे एकट्या मावशी असत. त्या कुणाच्या मावशी होत्या कोण जाणे, सगळेच त्यांना मावशी म्हणत. पाय सुजलेले, बोलणं फटकळ. पण घंटा वाजली की हातातला चहा तसाच ठेवून निघायच्या.

"घंटा वाजली की आधी जायचं, मग बोलायचं," असं त्या नव्या मदतनिसांना दटावत. "जाता जाता 'कोण आहे, काय आहे' करत बसायचं नाही. माणूस काय गंमत म्हणून दाबतो?"

त्या यंत्राची देखभाल करायला महिन्यातून एकदा एक माणूस यायचा. मुंगी त्याला मामा म्हणे. तारा तपासता तपासता तो गप्पा मारी. एकदा मुंगीने त्याला गाठलं.

"मामा, ह्याच्यावर खेळ चालतो का हो?"

"ह्याच्यावर?" मामा हसला. "अगं, हा सर्व्हर आहे. ह्याची ऑपरेटिंग सिस्टम सर्व्हरची. आवाज बंद, रंगीत नखरे बंद, झोप बंद."

"झोप बंद म्हणजे?"

"घरच्या कॉम्प्युटरला थोडा वेळ हात लावला नाही की तो डुलकी काढतो. ह्याला तेवढीही मुभा नाही. आणि घरचा जो असतो, तो पुढ्यात बसलेल्याचं आधी ऐकतो. हा उलटा. पुढ्यातल्याला म्हणतो, तू थांब जरा, आधी मागची कामं."

"पण चालेल की नाही?"

"चालेल, पण रडतखडत."

"चालवून दाखवा ना. मामा, दाखवा ना. मामा!"

"काय गं कटकट तुझी," म्हणत मामाने एक गलबताचा खेळ त्यात घातला. आवाजाची सोय चालू करून दिली. कधी नव्हे ते त्या खोलीत लाटांचा आवाज आला. "साहेबांना कळलं तर माझी कातडी सोलतील, आणि तुझ्या आईची माझ्या आधी. पडदा बंद करून जात जा. आणि खेळाशिवाय कशालाही हात लावायचा नाही. कळलं?"

मुंगीने मान डोलावली. तुम्हीही डोलावली असतीत.

खेळ असा होता, की गलबत घेऊन खडकांमधून वाट काढायची. पण ऐन खडकांपाशी चित्र अडखळायचं. मुंगी गलबत डावीकडे वळवी, ते क्षणभर जागीच थिजून राही, मग एकदम उडी मारून खडकावर आपटे. पहिल्या दिवशी हसू आलं. चौथ्या दिवशी रडू आलं.

मग एका दुपारी तिने यंत्रात शोधाशोध केली आणि तिला पडद्यावर एक यादी सापडली. तीत यंत्र त्या घडीला कायकाय करत होतं त्या कामांची नावं एकाखाली एक होती. आपला खेळ तिने ओळखला. त्याच्यावर दाबलं, तर यंत्राने विचारलं, या कामाला कुठलं स्थान द्यायचं? खालचं, मधलं, वरचं, की सगळ्यांच्या वरचं? मुंगीने सगळ्यांच्या वरचं निवडलं. लगेच पिवळी खूण असलेली एक पाटी पुढे आली: असं केलं तर बाकीची कामं अडू शकतात, खरंच करायचं?

मुंगीने "हो" दाबलं.

आणि काय सांगू, गलबत लोण्यातून सुरी जावी तसं निघालं. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. पहिला खडक गेला, दुसरा गेला. मुंगी खुर्चीतच उड्या मारू लागली.

तेवढ्यात बोळातून आईची हाक आली. "मुंगे! कुठे आहेस? त्या खोकल्याच्या आजींना डॉक्टरांकडे नेतेय, पिशवी धरायला चल."

मुंगीने खेळ जागच्या जागी थांबवला, पडद्याचं बटण दाबलं आणि बाहेर पळाली. पडदा काळा झाला. तिच्या मनाने, यंत्रही झोपेल थोड्या वेळाने. मैत्रिणीच्या घरचं तसंच करायचं.

पण ते यंत्र झोपणारं नव्हतं, हे तिला सांगितलं होतं. आणि थांबवलेला खेळ थांबलेला नसतो. काळ्या पडद्यामागे गलबत एका जागी डुलत होतं, लाटांमागून लाटा काढल्या जात होत्या, आणि यंत्र बिचारं हुकमाचं ताबेदार, सगळ्यांच्या वर बसवलेलं काम आधी करत होतं. मागची कामं दाराशी उभी.

मायलेकी आजींना घेऊन परतल्या तेव्हा ऊन कललं होतं. मुंगी सटकून त्या खोलीत गेली. पडदा चालू केला, तर त्यावरचा बाण हलता हलेना. बऱ्याच खटपटीने खेळ बंद झाला.

आणि त्याच क्षणी बोळापलीकडे घंटा वाजली. एक नाही. एकीत एक अडकलेल्या, श्वास न घेता, वाजतच राहिल्या. मग मावशींच्या चपला फटफट करत धावल्या. मग मावशींची किंकाळी ऐकू आली.

घड्याळआजोबा न्हाणीघरात पडले होते. जेवणानंतर हात धुवायला गेले आणि पाय सरकला. खुबा मोडला होता. बटणाची दोरी हाती लागत होती, म्हणून ते दाबत राहिले. ओल्या गार फरशीवर पडल्या पडल्या सगळी दुपार दाबत राहिले. पुष्कळ हाकाही मारल्या असतील, पण शेजारच्या खोलीतले आजोबा ठार बहिरे. आईने खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दाबत होतो गं. कुणी येईना."

ते त्यांचे शेवटचे शब्द. तसे ते जगले. रुग्णालयात खुब्याची शस्त्रक्रिया झाली, पण त्यातच त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आश्रमात परत आणलं ते निराळंच कुणीतरी वाटत होतं.

त्यांच्या मुलाने येऊन साहेबांना फैलावर घेतलं. कुणाला तरी काढा, नाहीतर मी वरपर्यंत जातो, म्हणाला. साहेब म्हणजे आश्रमाचे व्यवस्थापक. माणूस तसा वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. त्यांनी मावशींना बोलावलं. मुंगी दाराआड उभी होती.

"घंटेच्या पेटीला खटका आहे," साहेब म्हणाले. "दुपारी डुलकी घ्यायची म्हणून तुम्ही तो खाली केला असणार."

"नाही हो साहेब. वाजलीच नाही. मी काय कानात बोळे घालून बसते?"

"पण शेवटी वाजली ना?"

"वाजली तेव्हा अशी वाजली, की जणू कुणी तुंबवून धरली होती आणि बांध फोडला. एकावर एक. मी पण चक्रावले."

साहेबांनी हात लांबवून भिंतीवरचं तपासणीचं बटण दाबलं. घंटा लगेच खणखणली. "ही बघा. वाजते की. आता ही त्या दुपारी मुकी होती आणि आज बोलायला लागली, हे मी त्यांच्या मुलाला सांगू?"

दाराआड मुंगी मावशींचेच शब्द मनात घोळवत होती. एकावर एक. बांध फोडल्यासारखी. तो बांध कधी फुटला हे त्या अख्ख्या इमारतीत तिला एकटीला माहीत होतं.

मावशींना महिनाअखेरीस कामावरून काढायचं ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं! म्हणणं सोपं आहे. मुंगी रात्री आईशेजारी पडे आणि सांगायला तोंड उघडे. पण तेवढ्यात आईच म्हणे, "झोप लागली असेल गं मावशींना. पाय सुजतात, वय झालंय. पण कबूल तरी करावं माणसाने. ह्या खोटेपणाचा राग येतो." आई आता मावशींबरोबर चहा घेत नव्हती. मावशी आपला कप घेऊन जिन्याच्या पायरीवर बसायच्या. ते पाहिलं की मुंगी दुसऱ्या बोळाने जायची.

मामा यंत्र तपासायला आला तेव्हा मुंगी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"मामा, खेळ चालू असला तरी घंटा वाजते ना?"

"का नाही वाजणार? म्हणून तर खेळ रडतखडत चालतो. घंटा आधी."

"आणि खेळाला सगळ्यांच्या वर बसवलं तर?"

मामाचा हात तारेवरच थांबला. त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग मुंगीकडे. "तू असं केलंस?"

मुंगीने होकारार्थी मान हलवली. मामा उकिडवा बसला आणि बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड चोळत राहिला.

"हे बघ," तो कुजबुजला. "मी आता हा खेळ काढून टाकतो. तू काही केलं नाहीस, मी काही घातलं नाही. घरी दोन पोरं आहेत मला. आणि तुझी आई आहे. समजतंय ना?"

"मावशींना काढणार आहेत."

"मावशींना दुसरीकडे काम मिळेल."

"मिळेल?"

खेळ काढून टाकण्यासाठी मामा यंत्राकडे वळला, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली म्हणून तो उठला, आणि ते काम तसंच राहून गेलं. का राहिलं कोण जाणे. विसरला असेल. मोठी माणसं कधी कधी मुद्दामही विसरतात.

मुंगी घड्याळआजोबांच्या खोलीत गेली. ते छताकडे पाहत पडले होते. चालता हात एकच उरला होता, डावा. त्या मुठीत त्यांनी लाल बटण धरून ठेवलं होतं. आई सांगत होती, भरवताना सोडत नाहीत, अंग पुसताना सोडत नाहीत, झोपेतही सोडत नाहीत.

"आजोबा," मुंगी त्यांच्या कानाशी म्हणाली, "ते मी केलं. मला माहीत नव्हतं. म्हणजे त्याने विचारलं होतं मला, पण मी वाचलं नाही नीट."

आजोबांचे डोळे तिच्याकडे वळले. ते रागावले की त्यांना काही कळलंच नाही, हे तिला सांगता आलं नाही. मूठ फक्त जास्त घट्ट झाली.

मावशींचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी त्या कापडी पिशवी घेऊन साहेबांच्या खोलीत निरोप घ्यायला गेल्या. आई तिथे उभी होती, खाली पाहत. मुंगी आत आली.

"साहेब, एकदा घंटा दाबून बघा ना. टोकाच्या रिकाम्या खोलीतली."

"मुंगे, बाहेर जा," आई म्हणाली.

"वाजते ती बाळ, बघितली आहे मी," साहेब म्हणाले.

"आत्ता नाही वाजणार."

ती असं काही म्हणाली, की साहेब उठलेच. मुंगीने त्यांना हाताला धरून बोळात आणलं, टोकाच्या खोलीकडे पाठवलं, आणि आई व मावशी यांना अभ्र्यांच्या जुन्या खोलीच्या दाराशी उभं केलं. तिथून समोरच मदतनिसांची खोली, आणि तिच्यातला तो फळा दिसत होता. फळीवरचा पडदा उजळलेला होता. निळ्या पाण्यावर एक गलबत डुलत होतं. किती छान, न अडखळता डुलत होतं.

"हे काय आहे?" आईने विचारलं.

"माझा खेळ. मी त्याला सगळ्यांच्या वर बसवलंय. त्या दिवशी पण बसवला होता. मग तू हाक मारलीस आणि मी नुसता पडदा बंद केला."

पलीकडून साहेबांचा आवाज आला, "दाबली! तीनदा दाबली!"

फळा काळाच होता. यंत्राचा पंखा गुरगुरत होता, लाटा फुटत होत्या, बाकी सगळं चिडीचूप. मावशी भिंतीला टेकल्या आणि सरकत सरकत खाली बसल्या. पिशवी त्यांनी छातीशी घट्ट धरली होती. "बघा," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बघा, मी खोटं नव्हते बोलत."

साहेब परत आले. फळ्याकडे पाहिलं, गलबताकडे पाहिलं. "ही खोली... ह्या पोरीला आत कुणी सोडलं? सिस्टर, तुमची मुलगी इथे रोज..."

"साहेब, माझं ऐका," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर त्या मागच्या दोन खोल्या असणार, आणि मांडीवर घेतलेलं ते डोकंही.

मुंगी यंत्राकडे वळली. बाण हलता हलेना, तरी तिने खेळ बंद केला.

बांध फुटला. घंटा खणखणल्या, एकीत एक अडकून. फळ्यावर टोकाच्या खोलीचा दिवा लागला. आणि त्याच्या खाली दुसरा एक दिवा लागला.

दुसरा घड्याळआजोबांच्या खोलीचा होता.

गलबत डुलत असताना, हे सगळे इथे उभे राहून पाहत असताना, त्यांनीही दाबलं होतं. कधी, किती वेळा, कुणाला ठाऊक. पुन्हा दाबलं होतं आणि पुन्हा कुणी गेलं नव्हतं.

साहेब बोलतच होते. आई त्यांना काही सांगत होती. मावशी भिंतीचा आधार घेऊन उठायला बघत होत्या, पण सुजलेले पाय ऐकत नव्हते.

मुंगी धावत सुटली. मागून साहेबांनी नाव घेऊन थांबायला सांगितलं, ती थांबली नाही. बोळ ओलांडून, ओली फरशी टाळून, ती आजोबांच्या खोलीत शिरली. त्यांचे डोळे दारावर खिळलेले होते. पाण्याचा पेला मेजावर होता, उजव्या बाजूला, जिथे त्यांचा हात आता पोचत नव्हता.

तिने काही विचारलं नाही. उशीखाली हात घालून त्यांचं डोकं उचललं आणि पेला ओठांना लावला. बाहेर बोळात मोठ्या माणसांची पावलं आणि आवाज जवळ येत होते. तिने मान वळवली नाही. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते फ्रॉकच्या टोकाने पुसलं, आणि पेला पुन्हा ओठांशी नेला.